रेटिनासाठी कोणत्या मूलपेशी चांगल्या? आधी कोणता थर गेलाय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला कोरड्या प्रकारचं मॅक्युलर डीजनरेशन (रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मध्यभागाची झीज) आहे, धाकट्या भावाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा (प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जाणारा आजार; पुढे आरपी). एका क्लिनिकने दोघांनाही चरबीतून काढलेल्या मूलपेशींचं (स्टेम सेल) इंजेक्शन सुचवलंय, दुसऱ्या कुणी नाळेच्या पेशी जास्त चांगल्या असं सांगितलं, आणि तुम्ही स्वतः वाचायला घेतलंत तर सगळीकडे भ्रूणीय आणि आयपीएस पेशींचीच चर्चा. मग यातल्या सर्वांत चांगल्या पेशी कोणत्या?

मला यात पहिल्यांदा खटकलं ते हे, की दोन वेगळ्या आजारांवर एकच इंजेक्शन सुचवलं गेलं. आई आणि भाऊ दोघांचाही 'पडदा खराब' आहे हे खरं, पण पडद्याचा जो भाग खराब झालाय तो दोघांत वेगळा आहे. पेशींची तुलना करण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. कोणता थर गेलाय ही एक. आणि घातलेल्या पेशींनी मेलेल्या पेशींची जागा घ्यायची आहे, की उरलेल्यांना नुसतं जगवायचं आहे, ही दुसरी. बाजारातला बहुतेक गोंधळ या दुसऱ्या प्रश्नावर मुद्दाम पांघरूण घातल्यामुळे होतो.

रेटिनात प्रकाश टिपणाऱ्या पेशी म्हणजे फोटोरिसेप्टर: दंडपेशी आणि शंकूपेशी. त्यांच्या मागे आरपीई नावाचा, एकाच पेशीच्या जाडीचा, काळपट रंगाचा थर असतो. फोटोरिसेप्टरची टोकं रोज थोडी थोडी झडतात आणि ती झडलेली टोकं आरपीई गिळून पचवतो. शिवाय प्रकाश पडून वापरलं गेलेलं अ जीवनसत्त्वाचं रसायन तो पुन्हा कामाचं करून परत पाठवतो, रक्तातून नको ते आत येऊ देत नाही. हा थर गेला की त्याच्या पुढ्यातले फोटोरिसेप्टर काही काळाने मरतातच. आईच्या आजारात मुख्य घाव या आरपीईवर असतो, तोही मध्यभागी, मॅक्युलात. भावाच्या आजारात बहुतेक वेळा जनुकातल्या दोषामुळे आधी दंडपेशी मरतात, मागाहून शंकूपेशी. आरपीई सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असतो. म्हणजे आईला हवा आरपीई आणि भावाला हवे फोटोरिसेप्टर. या दोन कामांत अवघडपणाचा फरक प्रचंड आहे.

आरपीई बदलणं तुलनेने सोपं का? कारण या पेशींना कुणाशी मज्जातंतूंची जोडणी करावी लागत नाही. योग्य जागी, योग्य बाजू वर करून, एका थरात बसल्या की त्या काम सुरू करू शकतात. शिवाय प्रयोगशाळेत त्या तयार झाल्या की रंगावरूनच ओळखू येतात. लागतातही थोड्या, लाखभर पेशींत काम भागतं, यकृतासारख्या अवयवाला लागतात तशा कोट्यवधी लागत नाहीत. डोळ्याच्या आत थेट पाहता येतं, ओसीटीवर (रेटिनाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर) थर मोजता येतो, दुसरा डोळा तुलनेला असतो. भ्रूणीय मूलपेशींचे पहिलेवहिले मानवी प्रयोग ज्या मोजक्या अवयवांवर झाले त्यांत डोळा आहे, तो या कारणांमुळे.

आता भ्रूणीय मूलपेशी. फलनानंतर साधारण पाच दिवसांच्या भ्रूणातून त्या मिळवतात; मानवी पेशींची पहिली मालिका 1998 मध्ये जेम्स थॉमसन यांनी अमेरिकेत वेगळी केली. या पेशी शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकतात आणि प्रयोगशाळेत जवळजवळ अमर्याद वाढतात. हीच त्यांची ताकद आणि हाच धोका. न बदललेली पेशी डोळ्यात गेली तर तिथे गाठ होऊ शकते. म्हणून कोणताही जबाबदार गट मूळ पेशी डोळ्यात घालत नाही. आधी महिनोन्‌महिने खपून त्यांचा आरपीई करतात, त्यात एकही कच्ची पेशी उरलेली नाही ना याची चाचणी घेतात, आणि तो आरपीई घालतात. 'मूलपेशींचं इंजेक्शन' हा शब्दप्रयोग ऐकला की मी हेच विचारतो: नक्की काय घालणार, मूलपेशी की त्यांच्यापासून बनवलेली तयार पेशी?

या प्रकारातला खूप उद्धृत होणारा अभ्यास 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्टारगार्ट आजाराचे (मॅक्युला झिजवणारा आनुवंशिक आजार) 9 आणि कोरड्या मॅक्युलर डीजनरेशनचे 9 असे 18 रुग्ण. प्रत्येकाच्या एका डोळ्यात 50 हजार ते दीड लाख आरपीई पेशी रेटिनाखाली सोडल्या. गाठ कुणालाच झाली नाही. 13 डोळ्यांत पडद्याखाली रंगाचे ठिपके वाढले, म्हणजे पेशी टिकल्या असाव्यात. दहा डोळ्यांत नजर सुधारली असंही त्यात नोंदलंय, आणि बातम्यांनी तेवढंच उचललं. पण तो सुरक्षिततेचा अभ्यास होता, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. मॅक्युला गेलेला रुग्ण कडेच्या भागाने बघायला शिकतो; तक्त्यावरची अक्षरं वाचायचा सराव आणि जिद्द यानेसुद्धा काही अक्षरं वाढतात. त्रास झाला तो मुख्यतः शस्त्रक्रियेमुळे आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे. या पेशी परक्या असतात, त्यामुळे ती औषधं द्यावी लागली, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती पेलवतील का, हा प्रश्न पेशींच्या गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पेशी कशा घालायच्या यावरही बरंच ठरतं. द्रवात मिसळून सुट्या पेशी सोडणं म्हणजे पेरणी, आणि पातळ आधारावर वाढवलेला पेशींचा एकसंध तुकडा ठेवणं म्हणजे लावणी. पेरणी सोपी. आधी व्हिट्रेक्टॉमी करून डोळ्यातला जेलीसारखा भाग काढायचा, मग केसासारख्या बारीक नळीने रेटिनाला सूक्ष्म छिद्र पाडून खाली द्रव सोडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली रेटिना हळूहळू फिकट फोडासारखी वर उचलली जाताना दिसते. वेग जास्त झाला तर तो फोड फाटतो. नळी बाहेर काढताना काही पेशी त्याच छिद्रातून मागे येतात आणि रेटिनाच्या वरच्या बाजूला बसतात. तिथे त्या पातळ पापुद्रा तयार करू शकतात. खाली राहिलेल्या पेशी एकसारख्या पसरतीलच असं नाही, गुठळ्या होतात. म्हाताऱ्या डोळ्यात आरपीईच्या खालचा ब्रुक्स पडदाही जुनाट झालेला असतो, सुट्या पेशी त्याला नीट चिकटत नाहीत. लावणीत हे प्रश्न कमी होतात, पण छेद मोठा घ्यावा लागतो आणि शस्त्रक्रिया जास्त जोखमीची होते.

लंडनच्या गटाने, पीट कॉफी आणि लिंडन दा क्रूझ यांच्या नेतृत्वाखाली, लावणीचा रस्ता धरला. 2018 मध्ये त्यांनी दोन रुग्णांचे निकाल छापले. दोघांनाही मॅक्युलर डीजनरेशनचा ओला प्रकार (रेटिनाखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून गळतात तो) होता आणि नजर अचानक, झपाट्याने गेली होती. वर्षभरात एकाची नजर तक्त्यावर 29 अक्षरांनी वाढली, दुसऱ्याची 21 अक्षरांनी. हे आकडे खरोखर मोठे आहेत. पण नीट पाहा: आरपीई नुकताच गेला होता आणि वरचे फोटोरिसेप्टर अजून जिवंत होते. वर्षानुवर्षं कोरडा आजार असलेल्या, मॅक्युलाच्या मध्यभागी सगळेच थर झिजलेल्या डोळ्यात तोच तुकडा ठेवला तर तो कुणाची सेवा करणार? आईच्या बाबतीत मी पेशींच्या प्रकाराआधी ओसीटी बघेन, ते यासाठी. आणि त्या दोघांपैकी एकाचा पडदा नंतर सुटला होता, दुरुस्त करावा लागला, हेही त्याच निबंधात लिहिलेलं आहे.

आयपीएस पेशी म्हणजे मोठ्या माणसाच्या त्वचेची किंवा रक्ताची पेशी घेऊन, चार घटकांच्या मदतीने तिला भ्रूणीय अवस्थेसारखं मागे नेणं. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदरात आणि 2007 मध्ये माणसाच्या पेशींत हे करून दाखवलं. 2012 मध्ये नोबेल मिळालं. भ्रूणाचा प्रश्न मिटला, आणि स्वतःच्याच पेशी म्हटल्यावर शरीर त्या नाकारणार नाही, अशी आशा निर्माण झाली. सप्टेंबर 2014 मध्ये जपानमधल्या कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका बाईच्या डोळ्यात तिच्याच पेशींपासून बनवलेला आरपीईचा तुकडा ठेवला. वर्षानंतर तुकडा जागेवर होता, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागली नव्हती, नजर मात्र होती तेवढीच राहिली: वाढली नाही, घटलीही नाही. त्या टप्प्यावर एवढं पुरेसं यश होतं.

खरा धडा दुसऱ्या रुग्णाकडून मिळाला. त्याच्या पेशींपासून आरपीई तयार झाला, पण तपासणीत पेशींच्या डीएनएमध्ये बदल सापडले. गटाने शस्त्रक्रिया केलीच नाही. पेशी मागे नेताना आणि वाढवताना असे बदल शिरू शकतात, आणि 'स्वतःची पेशी' म्हटलं की प्रत्येक रुग्णासाठी पहिल्यापासून नवी बॅच, नवी तपासणी, कित्येक महिने आणि अवाढव्य खर्च. म्हणून 2017 मध्ये त्याच गटाने ऊतींची जुळणी पाहून दुसऱ्या दात्याच्या आयपीएस पेशी पाच रुग्णांना दिल्या: एकदा नीट तपासलेली बँक, अनेकांना वापर. मला स्वतःला हाच मार्ग जास्त व्यवहार्य वाटतो. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधला कपिल भारती यांचा गट मात्र स्वतःच्या पेशींवर ठाम राहिला; विरघळून जाणाऱ्या जाळीवर वाढवलेला तुकडा त्यांनी 2022 मध्ये पहिल्या रुग्णाला बसवला. दोन्ही वाटा खुल्या आहेत.

भावासाठी इथे एक मेख आहे. त्याच्या स्वतःच्या आयपीएस पेशी बनवल्या तर त्यांत तोच सदोष जनुक असणार. आधी तो प्रयोगशाळेत दुरुस्त करावा लागेल, मग पुढचं. 'तुमच्याच पेशी, त्यामुळे सर्वांत सुरक्षित' हे वाक्य आनुवंशिक आजारात इतकं सरळ नाही.

फोटोरिसेप्टर बनवता येतात का? येतात. योशिकी सासाई यांच्या गटाने 2011 मध्ये उंदराच्या भ्रूणीय पेशींना प्रयोगशाळेत आपोआप डोळ्याच्या वाटीसारखा आकार घ्यायला लावलं, वर्षभरात मानवी पेशींतही ते साधलं. अशा छोट्या कृत्रिम रेटिनाला ऑर्गनॉइड म्हणतात. अडचण बनवण्यात नाही, जोडण्यात आहे. फोटोरिसेप्टरला पुढच्या पेशीशी जोडणी करायची आहे, तीही नेमकी.

याबाबत एक गोष्ट तपशिलात सांगतो, कारण तिने सगळ्या क्षेत्राला जमिनीवर आणलं. उंदरांत हिरव्या चमकणाऱ्या फोटोरिसेप्टर पेशी रेटिनाखाली घालायचे. काही आठवड्यांनी उंदराच्या रेटिनात, अगदी योग्य थरात, सुबक आकाराच्या हिरव्या पेशी दिसायच्या. सगळ्यांनी म्हटलं, रुजल्या. 2016 मध्ये वेगवेगळ्या गटांनी बारकाईने तपासलं: हिरव्या दिसणाऱ्या बहुसंख्य पेशी उंदराच्या स्वतःच्याच निघाल्या. घातलेल्या पेशी बाहेरच राहिल्या होत्या आणि त्यांच्यातली प्रथिनं, रसद आतल्या पेशींकडे गेली होती. म्हणजे ज्याला आपण पुनर्लागवड समजत होतो ते बहुतांशी देवाणघेवाण होतं. काही पेशी खऱ्या अर्थाने रुजतात हेही दिसलंय, शिवाय ही देवाणघेवाण स्वतःच कधी उपयोगी पडेल. पण 2016 च्या आधीचा 'उंदरांना दिसू लागलं' छापाचा कुठलाही लेख हे ध्यानात ठेवून वाचावा लागतो.

माणसात कोबेच्याच गटाने 2020 मध्ये आरपीच्या दोन रुग्णांना ऑर्गनॉइडपासून काढलेले रेटिनाचे तुकडे बसवले. दोन वर्षं तुकडे टिकले, त्या जागी रेटिनाची जाडी वाढली, गंभीर त्रास झाला नाही. घातलेल्या डोळ्यातली घसरण दुसऱ्या डोळ्यापेक्षा कमी दिसली, पण दोन रुग्णांवरून यापुढे काही म्हणणं घाईचं होईल.

आता तुम्हाला ज्या पेशी विकल्या जात आहेत त्यांच्याकडे येतो: चरबी, अस्थिमज्जा, नाळ. यांतल्या मेसेनकायमल पेशी हाड, कूर्चा, चरबी यांच्या कुळातल्या. रेटिना वेगळ्याच, मज्जासंस्थेच्या कुळातली. मेसेनकायमल पेशी डोळ्यात जाऊन फोटोरिसेप्टर होतात, याला विश्वासार्ह मानवी पुरावा नाही. त्या करू शकतात ते म्हणजे पेशींना जगवणारी प्रथिनं सोडणं आणि दाह कमी करणं. ही कल्पना हास्यास्पद नाही. आरपीत उरलेल्या शंकूपेशी काही काळ जास्त टिकवता आल्या तरी तो मोठा फायदा ठरेल. पण मग दावा 'टिकवण्याचा' हवा, 'नजर परत आणण्याचा' नव्हे. आणि टिकवण्याचा दावा सिद्ध करायला वर्षानुवर्षं, तुलनेच्या गटासह मोजावं लागतं, कारण आरपी मुळातच सावकाश वाढतो. सहा महिने काहीच बिघडलं नाही म्हणजे उपचार लागू पडला असं होत नाही. ब्राझीलमध्ये आरपीच्या रुग्णांना स्वतःच्या अस्थिमज्जेच्या पेशी डोळ्यात दिल्या, तेव्हा तीन महिन्यांनी दृष्टीशी निगडित जीवनमान सुधारल्याचं दिसलं. बारा महिन्यांनी तो फरक उरला नव्हता. अस्थिमज्जेतल्या सीडी34 (पेशीवरच्या एका खुणेवरून पडलेलं नाव) पेशींचं मी थोडं वेगळं धरतो. त्या रक्तवाहिन्यांच्या दुरुस्तीशी संबंधित आहेत, छोट्या अभ्यासांत सुरक्षित वाटल्या, रक्तपुरवठ्याच्या आजारांत त्यांना काही अर्थ असू शकेल.

जागा फार महत्त्वाची. तुर्कस्तानातल्या अभ्यासांत नाळेच्या पेशी डोळ्याच्या बाहेरच्या आवरणाखाली ठेवल्या; तिथे पापुद्रा होऊन पडदा ओढला जायची भीती कमी. याच पेशी डोळ्याच्या आत, व्हिट्रियसमध्ये (त्या जेलीसारख्या भागात) सोडल्या तर त्या रेटिनाच्या पृष्ठभागावर बसून आकुंचन पावणारा पापुद्रा बनवू शकतात, आणि तो रेटिनाला ओढून सोडवतो. मार्च 2017 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन स्त्रियांची हकिकत छापून आली, वयं 72 ते 88, तिघींना मॅक्युलर डीजनरेशन. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये पैसे भरून त्यांनी चरबीतल्या पेशींचं इंजेक्शन घेतलं, दोन्ही डोळ्यांत, एकाच वेळी. रक्तस्राव, दाब वाढणं, पडदा सुटणं. आधी तिघींची नजर कामापुरती तरी होती. नंतर सर्वांत चांगल्या डोळ्याची नजर 20/200 उरली (निरोगी डोळ्याला 200 फुटांवरून दिसतं ते 20 फुटांवरून दिसणं), आणि सर्वांत वाईट डोळ्याला प्रकाशही कळेना. त्यांच्यापैकी काहींना आपण नोंदणीकृत संशोधनात सहभागी होतोय असं वाटत होतं, कारण अमेरिकेच्या सरकारी संकेतस्थळावर तशी नोंद होती. अशी नोंद म्हणजे परवानगी नव्हे, ती कुणीही करू शकतं. खऱ्या चाचणीत प्रायोगिक पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेण्याची पद्धत नाही, आणि दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी तर कुणी शहाणा माणूस हात लावत नाही.

गर्भाच्या रेटिनातून काढलेल्या पूर्वज (अजून पूर्ण न घडलेल्या) पेशींवरही चाचण्या झाल्या आहेत, आरपीसाठी. त्यांतल्या काही व्हिट्रियसमध्ये तरंगत ठेवतात. तिथूनही काम रसद पुरवण्याचंच अपेक्षित आहे. मृत दात्याच्या डोळ्यातल्या आरपीईमध्येही सुप्त मूलपेशी असतात, त्यांच्यावर सॅली टेंपल यांच्या गटाचं काम चाललंय. त्यांचा फायदा असा की त्या आरपीईच्याच वंशातल्या, त्यामुळे भलतंच काही होण्याची शक्यता कमी.

'डोळ्याच्या मूलपेशींचा उपचार युरोपात मंजूर आहे' असंही तुम्हाला कुणी सांगेल. ते खरं आहे, 2015 पासून. पण तो बुबुळाच्या कडेच्या पेशींचा, कॉर्नियासाठी, भाजलेल्या डोळ्यांकरिता. रेटिनाशी त्याचा संबंध नाही. रेटिनाच्या आजारासाठी मूलपेशींपासून बनवलेल्या एकाही उपचाराला एफडीए आणि ईएमए या अमेरिकेच्या आणि युरोपच्या औषध नियामक संस्थांपैकी कुणाचीही मान्यता मी हे लिहीपर्यंत नाही.

तर तुमच्या घरापुरतं. आईसाठी तुलना करायचीच तर भ्रूणीय किंवा दात्याच्या आयपीएस पेशींपासूनचा आरपीई, तोही नियंत्रित चाचणीत, आणि ओसीटीवर फोटोरिसेप्टर उरलेले दिसत असतील तरच. 2023 मध्ये अमेरिकेत दोन इंजेक्शनं मंजूर झाली, ती झीज पसरण्याचा वेग कमी करतात, नजर परत आणत नाहीत. आईच्या टप्प्यावर त्यांचा उपयोग आहे का ते तुमच्या रेटिना तज्ज्ञांना विचारा. भावाची मात्र आधी जनुकीय तपासणी करा. आरपी ऐंशीहून अधिक जनुकांमुळे होऊ शकतो, आणि दोष आरपीई65 या जनुकात सापडला तर 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जनुकोपचार आहे. तो पेशी जिवंत आहेत तोवरच लागू पडतो, त्यामुळे ही तपासणी पुढे ढकलू नका.

आणि ते चरबीचं इंजेक्शन घेऊ नका. अंध होण्याचा धोका तर आहेच, शिवाय डोळ्यात आधी कुठल्याही पेशी घातलेल्या असल्या तर पुढच्या गंभीर चाचण्या असा रुग्ण सहसा घेत नाहीत. दोघांचे ओसीटी, फील्ड (नजरेचा आवाका मोजणारी चाचणी) आणि ईआरजीचे (रेटिनाचा विद्युत प्रतिसाद मोजणारी चाचणी) जुने-नवे सगळे अहवाल तारखेनिशी एकत्र ठेवा, चाचणीसाठी नाव द्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतील.